व्हाळाचा काठ आणि वरचा उतार : खाणीच्या बांधकामानंतर झाडोरा परत आणताना

प्रश्न असा आहे. दक्षिण गोव्यातील एका लोहखनिजाच्या खाणीत गेल्या हिवाळ्यात खनिज वाहतुकीचा नवा रस्ता, व्हाळावरची, म्हणजे ओढ्यावरची, मोरी आणि गाळ बसवण्याची टाकी यांचे बांधकाम झाले. त्यात व्हाळाचा सुमारे ३०० मीटर काठ आणि त्याच्या वरचा २ हेक्टरांचा उतार उघडा पडला. पाऊस तीन महिन्यांवर आला आहे, कंत्राटदाराने अकेशियाची (ऑस्ट्रेलियन बाभळीची) ५,००० रोपे लावून देण्याचे दरपत्रक दिले आहे, आणि तेवढ्याने काम भागेल का, असे खाणीच्या पर्यावरण अधिकाऱ्याने विचारले आहे.

भागणार नाही. ५,०००च्या जागी १०,००० रोपे लावली तरी भागणार नाही, कारण या घडीला तुमच्याकडे झाडांची उणीव हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न रस्त्यावरून उताराकडे आणि उतारावरून व्हाळाकडे धावणाऱ्या पाण्याचा आहे. गोव्यातील सांगे व डिचोली आणि महाराष्ट्रातील सिंधुदुर्ग येथील खाणींवर मी वीसहून अधिक वर्षे हे काम करतो आहे. त्या काळात जी लागवड फसलेली पाहिली, ती बहुतेक वेळा रोपे वाईट होती म्हणून फसली नव्हती, तर रस्त्याच्या गटाराचे तोंड नेमके त्या लागवडीवर सोडलेले होते म्हणून फसली होती.

एक उदाहरण सांगतो. एका खाणीवर आम्ही व्हाळाच्या काठाला मे महिन्यात काथ्याची जाळी अंथरली, खाली दगडांचा पायथा घातला, वाळ्याचे ठोंब ओळीने लावले. काम देखणे झाले होते. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दोन दिवस पाऊस कोसळला आणि मी पाहायला गेलो, तेव्हा मोरीच्या वरच्या बाजूला पाणी गढूळ पण मातकट होते, आणि खालच्या बाजूला ते विटेसारखे लाल झाले होते. दोन्ही रंग एकमेकांत न मिसळता हातभर अंतर शेजारी-शेजारी वाहत होते. लाल पाण्याच्या कडेने वर चढत गेलो, तर रस्त्याच्या गटाराला शेवटच्या वळणावर तोंडच ठेवलेले नव्हते. सगळे पाणी तिथून उसळून उतारावर पडत होते आणि त्याने कमरेएवढी घळ पाडली होती. जाळीचा एक पट्टा उलटा होऊन खाली करंजाच्या बुंध्याला गुंडाळलेला सापडला. त्या दिवसापासून मी काठाचे काम वरून खाली करतो : आधी रस्ता, मग उतार, आणि सर्वांत शेवटी काठ.

म्हणून मार्चचा उरलेला काळ आणि एप्रिल पोकलेनसाठी राखून ठेवा. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या पट्ट्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, त्यामुळे गटारे कागदावरच्या सरासरीसाठी न बांधता जुलैतल्या एका वाईट रात्रीसाठी बांधावी लागतात. रस्त्याचा पृष्ठभाग डोंगराच्या बाजूला किंचित कलता करून पाणी आतल्या गटारात घ्यावे, आणि ते गटार दर ४०-५० मीटरवर, जिथे जमीन मूळची आहे आणि झाडोरा शाबूत आहे अशा ठिकाणी, दगडांच्या पसरट तोंडातून सोडावे. भराव टाकलेल्या बाजूला ते कधीही सोडू नये. गाळाची टाकी बांधली आहे हे चांगलेच झाले, परंतु ती पावसाच्या मध्यावर उपसता येईल, म्हणजे तिच्यापर्यंत यंत्र पोहोचेल, अशी वाट आत्ताच ठेवा. जुलैमध्ये भरलेली टाकी ऑगस्टमध्ये टाकी उरत नाही, तिच्यावरून गाळ सरळ व्हाळात जातो आणि तिथून खालच्या कुळागरांत (सुपारी-नारळाच्या बागांत) व वायंगणाच्या, म्हणजे उन्हाळी भाताच्या, शेतांत पसरतो. त्या शेतकऱ्यांचे नुकसान रोपांच्या संख्येने भरून निघत नाही.

मोरीकडेही एकदा नीट पाहा. पाइपाचा तळ व्हाळाच्या तळापेक्षा वर राहिला असेल, तर पाण्याची धार खाली आपटून डोह खणते आणि तो डोह दोन्ही काठ पोखरत जातो. अशा ठिकाणी लावलेले काहीही टिकत नाही. शिवाय पहिल्या पावसात चढणीचे मासे वर जाऊ पाहतात, ते त्या धारेशी अडकतात. तळ खाली घेऊन पाइपात व्हाळातलेच गोटे बसवणे हा खरा उपाय आहे. ते शक्य नसेल, तर मोरीच्या खाली मोठ्या दगडांच्या दोन-तीन बुटक्या पायऱ्या करून पाण्याची उडी मोडावी.

आता काठाकडे येऊ. पोकलेनने कापलेला काठ बहुधा उभा असतो. तो एकास दोन, म्हणजे १ मीटर उंचीला २ मीटर पाया, इतका तरी निजवावा. जागा नसेल तिथे पायथ्याला गॅबियन, म्हणजे दगड भरलेल्या तारेच्या पेट्या, घालून वरचा भाग निजवावा. काठ सगळीकडे सरळ रेषेत ओढण्याचा मोह यंत्रचालकाला होतो, तो आवरावा लागतो. व्हाळाचे जुने वळण शोधून काढणे हे या कामातले सर्वांत मोलाचे निरीक्षण असते, आणि त्यासाठी गावातल्या जाणत्या माणसाला बरोबर घेण्यासारखा दुसरा मार्ग मला सापडलेला नाही. एका ठिकाणी शेजारच्या कुळागराचे मालक असलेले एक वृद्ध गृहस्थ आमच्याबरोबर आले होते. त्यांनी काठीने भरावात एक जागा दाखवून सांगितले, “इथे खणून बघा, जांभळीचं मूळ लागेल. पाणी त्या मुळाला वळसा घालून जायचं.” अर्धा मीटर खणल्यावर मनगटाएवढे काळे मूळ खरोखरच लागले. आम्ही काठ त्या मुळापर्यंत मागे घेतला, आणि पुढच्या पावसात त्या वळणावर वाळूचा एक छोटा पट्टा आपोआप साठला, ज्यावर लव्हाळा कुणी न लावता आला.

लागवडीच्या दृष्टीने काठ म्हणजे एक जागा नव्हे. त्याचे पाण्यापासूनच्या उंचीनुसार निदान तीन पट्टे पडतात. पावसाळाभर पाण्याखाली असणाऱ्या पायथ्याशी मोठे झाड लावून उपयोग नसतो. तिथे लव्हाळा, केवडा आणि नदीपात्रातल्या खडकांत तग धरणारी शेरणी, म्हणजे वनस्पतिशास्त्रातली होमोनोइया रायपेरिया, यांचे काम असते. पूर आला की ही झुडपे आडवी होतात आणि ओसरला की पुन्हा उभी राहतात. त्याच्या वर, पूर येऊन जातो त्या पट्ट्यात, निर्गुडी, करंज, उंबर, पाणजांभूळ आणि जिथे आधीपासून आहे तिथे वाळुंज. काठाच्या माथ्यावर जांभूळ, कडू कवठ, भिरंड, आणि व्हाळ सावलीत वाहणारा असेल तर सीता अशोक. ही यादी जशीच्या तशी उचलू नका. मोरीच्या वर आणि खाली अर्धा-अर्धा किलोमीटर न बिघडलेला काठ चालून जा, पाण्यापासून किती उंचीवर काय उभे आहे ते वहीत लिहा, आणि तीच तुमची यादी समजा. या चालण्याला एक सकाळ लागते आणि कोणत्याही पुस्तकापेक्षा ती अचूक ठरते.

निर्गुडी आणि वाळुंज यांची रोपे करत बसायची गरज नाही. अंगठ्याएवढ्या जाडीच्या, पाऊण मीटर लांबीच्या ताज्या फांद्या जूनच्या पहिल्या सरींबरोबर तोडाव्यात, खालचे टोक तिरके छाटावे, रात्रभर वाहत्या पाण्यात बुडवून ठेवाव्यात आणि दुसऱ्याच दिवशी लाकडी मोगरीने ठोकाव्यात. फांदीचा दोन-तृतीयांश भाग जमिनीत गेला पाहिजे आणि डोळे वरच्या दिशेला राहिले पाहिजेत. हे सांगण्याचे कारण असे की घाईत मजूर उलट्या फांद्या ठोकतात, आणि महिन्याभराने सगळा दोष फांदीच्या जातीला दिला जातो. माथ्यावर पांगाऱ्याचे खुंट असेच लागतात, आपल्याकडची कुंपणे तशीच तर होतात. वाळ्याचे ठोंब घेताना दोन-तीन फुटव्यांचा ठोंब, वरचा पाला वीतभर ठेवून छाटलेला, १०-१५ सेंटिमीटरवर एक असा समपातळीच्या ओळीत लावावा आणि दोन ओळींमध्ये उभे अंतर १ मीटरपेक्षा जास्त ठेवू नये. ओळीत एक हाताची फट राहिली तरी पाणी तीच फट शोधते. काथ्याची जाळी चौरस मीटरला ७०० ग्रॅम वजनाची घ्यावी, तिचे वरचे टोक माथ्यावर चर खणून त्यात पुरावे आणि ती जमिनीला सगळीकडे चिकटेल इतक्या खुंट्या माराव्यात. हवेत तरंगणाऱ्या जाळीखालून माती निघून जाते आणि वरून काही कळतही नाही. दोन-तीन वर्षांत ती कुजते, तोपर्यंत मुळांनी तिची जागा घेतलेली असते. जाळी महाग वाटली तर सौम्य उतारावर नारळाच्या विणलेल्या चुडतांनी एका पावसाचे काम भागते, हे मी स्वतः केलेले आहे.

आता वरच्या उताराविषयी, आणि इथे माझा सल्ला तुम्हाला कदाचित आवडणार नाही : पहिल्या वर्षी तिथे झाडे लावू नका. यंत्रांनी दाबलेली जमीन कुदळीला दाद देत नाही. तिच्यात खड्डा केला तर तो मडक्यासारखा भरून राहतो आणि रोप त्यात कुजते. बांधकामाच्या वेळी वरची सुपीक माती वेगळी काढून ठेवली होती का, हे आधी तपासा. तशी ठेवण्याचे बंधन २०१७च्या खनिज संवर्धन आणि विकास नियमांत आहे, आणि बहुतेक खाणींवर एखादा ढीग असतोच, फक्त तो कुठे आहे हे फोरमनला विचारावे लागते. ढीग पुरुषभर उंचीपेक्षा मोठा असेल तर आतली माती हवेअभावी निर्जीव होत जाते, तिच्यातले बी आणि मुळांशी जगणारी बुरशी मरत जाते, म्हणून तो आणखी एक पावसाळा तसाच ठेवू नये. एप्रिल-मेमध्ये उतार समपातळीच्या रेषेत डोझरच्या रिपरने (मागच्या लोखंडी दाताने) ५० सेंटिमीटर खोल फोडावा, त्यावर वीतभर माती पसरावी आणि मग डोझर तिथून बाहेर काढावा. गुळगुळीत केलेला उतार साहेबांना पाहायला बरा वाटतो, परंतु पाण्याला तो घसरगुंडीसारखा मिळतो. ढेकळे, दगड, तोडलेल्या झाडांचे ओंडके आणि फांद्या तशाच आडव्या पडू द्याव्यात. त्यांच्या आडोशाला माती आणि बी दोन्ही थांबतात.

पहिल्या पावसात या उतारावर गवत आणि कडधान्य वर्गातली झुडपेच वाढू द्यावीत. शेजारच्या मरडावरचे, माळावरचे गवत डिसेंबरमध्ये बी धरते, तेव्हा ते कापून ठेवले असते तर आज कामी आले असते. यंदा ती वेळ गेली आहे, त्यामुळे गावात मिळेल ते गवताचे काड बियांसकट विकत घ्या आणि मेच्या अखेरीस पसरा. त्याबरोबर नाचणी आणि ताग विरळ फेकावेत. दोन्ही आठवड्याभरात उगवतात, जुलैचा मार अंगावर घेतात आणि वर्ष संपताना स्वतःहून बाजूला होतात. दुसऱ्या पावसात धायटी, मुरडशेंग, करवंद, कुडा, दिंडा आणि चांदाडा यांचे पुंजके करावेत, आणि त्या पुंजक्यांच्या सावलीत तिसऱ्या वर्षी किंजळ, ऐन, नाणा, कुंभा यांची वर्षभर वाढवलेली रोपे घालावीत. सगळा उतार ओळीत भरण्यापेक्षा पुंजके करून मध्ये जागा मोकळी सोडणे मला योग्य वाटते, कारण पुंजक्यावर बुलबुल बसतो आणि उरलेली पेरणी तो करतो. ही माती आम्लधर्मी असते आणि तिच्यातले लोह व अ‍ॅल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतात, म्हणून खड्ड्यात युरियाऐवजी शेणखत आणि थोडे रॉक फॉस्फेट द्यावे. आम्ल मातीत ते हळूहळू विरघळून उपयोगी पडते. रोपवाटिकेच्या मातीत जवळच्या रानातली ओंजळभर पालामाती मिसळली की बुरशीचे विरजण लागते. मात्र रान खरवडून ट्रॉलीने माती आणू नये. एक जखम भरण्यासाठी दुसरी करणे मला पटत नाही.

या २ हेक्टरांत सड्याचा भाग आहे का, हे प्रश्नात आलेले नाही, पण ते पाहाच. जांभ्याचा उघडा सडा उन्हाळ्यात काळाकुट्ट, ओसाड दिसतो आणि म्हणून त्यावर माती टाकून झाडे लावण्याची सूचना हमखास येते. पावसात त्याच खडकावरच्या बोटभर मातीत सीतेची आसवे, गेंद आणि किती तरी छोट्या वनस्पती फुलतात. त्यांना हीच उथळ, पाणथळ आणि मग करपणारी जागा हवी असते. सड्यावर भरलेली माती आणि लावलेली झाडे म्हणजे एका अधिवासाचा शेवट असतो. तिथे पडलेला राडारोडा हाताने उचलावा, खडकावरची पाणी साठणारी खळगी मोकळी करावीत, काढून ठेवलेली उथळ माती त्याच खळग्यांत परत घालावी आणि गाडी जाणार नाही एवढी काळजी घ्यावी.

अकेशियाबद्दल मी जरा सविस्तर लिहितो, कारण दरपत्रकात तेच आहे. गोव्यातल्या डंपांवर, म्हणजे खाणीतल्या टाकाऊ मातीच्या ढिगांवर, अकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिस अनेक दशके लावला गेला आणि त्याने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. जिथे नुसता दगड आणि चिकणमाती होती तिथे तो जगला, त्याच्या मुळांनी नत्र धरले आणि ओसाड डंप हिरवे झाले. पण २०१२च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने गोव्यातल्या खाणी थांबल्या, आणि मध्ये काही काळ सुरू होऊन २०१८मध्ये ८८ खाणपट्ट्यांची नूतनीकरणे रद्द झाल्यावर पुन्हा थांबल्या, तेव्हा अनेक लागवडींची देखभालही थांबली. त्या वर्षांत मी जुन्या जागा फिरत राहिलो. अकेशियाच्या दाट लागवडीखाली कातड्यासारख्या पानांचा, लवकर न कुजणारा थर साचला होता आणि त्याखाली स्थानिक रोपे फारच थोडी होती. वादळी वाऱ्यात उथळ मुळांची झाडे उन्मळून त्यांच्याबरोबर बेंचची (डंपाच्या पायरीची) कडही आली होती. याउलट जिथे लागवड विरळ झाली होती किंवा फसली होती, आणि शेजारी मूळचे रान होते, तिथे चांदाडा, किंजळ आणि करवंद आपसूक शिरले होते. तुमच्या उताराच्या वर अजून रान आहे. अशा जागी अकेशिया लावणे म्हणजे येऊ पाहणाऱ्या रानाची वाट अडवणे आहे, आणि व्हाळाच्या काठी तर तो मुळीच नको, कारण त्याचे बी पाण्याबरोबर खालच्या गावांपर्यंत जाईल. दरपत्रक परत करा.

व्यवस्थापनाला हे पटवून द्यायचे असेल तर एक आधार हाती आहे. ८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्देश दिला की, खाणकाम संपल्यावर खाणधारकाने खाणक्षेत्रात आणि खाणकामामुळे बिघडलेल्या इतर कोणत्याही क्षेत्रात पुन्हा गवत आणावे आणि ती जमीन चारा, वनस्पती व प्राणी यांना योग्य होईल अशा स्थितीत आणावी, ही अट खाणपट्ट्यात घालावी. रस्ता, मोरी आणि टाकी यांसाठी बिघडवलेली जमीन त्या “इतर कोणत्याही क्षेत्रा”त येते, अशी माझी समजूत आहे, आणि त्या निर्देशाचा रोख रोपांच्या संख्येवर नसून जमिनीच्या स्थितीवर आहे.

कंत्राट लिहिताना म्हणूनच मोजमाप बदला. “५,००० रोपे लावणे” याऐवजी तीन वर्षांची देखभाल आणि तीन गोष्टींची मोजणी लिहा. पहिली, दर मेच्या अखेरीस, म्हणजे जमीन सर्वांत उघडी असते तेव्हा, किती टक्के जमीन जिवंत झाडोऱ्याने किंवा पालापाचोळ्याने झाकलेली आहे. दुसऱ्या वर्षी ७० टक्क्यांच्या खाली असेल तर मी बिल मंजूर करत नाही. दुसरी, न लावता उगवलेल्या स्थानिक रोपांची संख्या, ठरवून ठेवलेल्या दहा चौकटींत. तिसरी, जून ते सप्टेंबर दर आठवड्याला मोरीच्या वर आणि खाली एकाच वेळी भरलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या, ज्या प्रयोगशाळेत जाण्याआधी तुमच्या टेबलावर शेजारी-शेजारी ठेवल्या तरी पुष्कळ काही सांगतात. देखभालीत रानमोडी फुलण्याआधी, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, आणि घाणेरी दिसेल तेव्हा मुळासकट उपटणे, जानेवारीत जाळरेषा (वणवा अडवणारे मोकळे पट्टे) काढणे आणि पहिली दोन वर्षे गुरे वळवणे हे स्पष्ट लिहावे. गुरांसाठी नुसते तारेचे कुंपण घालून गावाशी वैर घेऊ नका. पाण्यावर उतरायची एक वाट दगड घालून पक्की करून द्या, म्हणजे बाकीचा काठ तुडवला जात नाही, आणि वरचे गवत दिवाळीनंतर कापून न्यायला गावाला मोकळे ठेवा.

या आठवड्यात करायचे काम मात्र वेगळेच आहे. करंजाच्या शेंगा आत्ता झाडावर पिकलेल्या आहेत, ऐन आणि किंजळीची फळे खाली पडत आहेत. भिरंड आणि जांभूळ एप्रिल-मेमध्ये येतील, आणि त्यांचे बी साठवणीत टिकत नाही, गर काढल्यावर थोड्याच दिवसांत पिशवीत पेरावे लागते. गावातल्या स्वयंसाहाय्यता गटातल्या बायकांना झाडे ठाऊक असतात. त्यांच्याकडून किलोच्या भावाने बी घ्या, प्रत्येक पिशवीवर झाडाचे नाव, जागा आणि तारीख लिहा, आणि गाळाच्या टाकीशेजारी सावलीत दोन गुंठे रोपवाटिकेसाठी आखा. तिसऱ्या वर्षी उतारावर जाणारी किंजळीची रोपे त्या पिशव्यांतूनच यायची आहेत.